रकाना नऊ

आस्थापना विभागात माझं टेबल कपाटाशी आहे.
कपाटात मंजूर पदांची वही, हिरव्या पाठीची,
तिचा नववा रकाना: रिक्त.
बावीस वर्षं मी तो पेन्सिलीनं भरते.
पेननं भरू नका, पहिले साहेब म्हणाले होते,
माणूस आला की खोडावं लागेल.

खोडरबर अजून चौकोनीच आहे.

यंदा ठराव झाला, मनुष्यबळ बाहेरून घ्यावे.
निविदेच्या नोटिशीत ते अनुक्रमांक चारला होतं,
तीनला फिनेल,
पाचला खराटे.
मी टंकलेखनातली चूक शोधत राहिले.

पुण्याहून कंपनीची मुलगी आली, मृण्मयी,
गोड बोलायची. दोनशे चौदा रिकाम्या जागा दाखवल्या तिला.
पंधरा दिवसांत देते म्हणाली,
लग्नाला खुर्च्या द्याव्यात तसं.
यादीवर बोट ठेवून विचारलं,
"चावीवाला म्हणजे कुलपांचं काम का?"
म्हटलं, पाण्याचं.
आमच्याकडं नळ चौथ्या दिवशी येतो, बाई.
येतो म्हणजे कुणीतरी त्याला आणतो.

बालय्या मेरगू आणायचा.
साखर पेठ, कन्ना चौक, आमचा बोळ,
सायकलच्या दांड्याला बांधलेली लोखंडी चावी,
त्याच्या छातीइतकी उंच.
कन्ना चौकातला व्हॉल्व्ह उलटा फिरतो,
चढाच्या बोळाला अर्धा फेरा जास्त द्यायचा,
नाहीतर शेवटच्या घरातली विडीवाली म्हातारी
पानं कातरत, घागरीकडं बघत बसून राहते.
हे कुठल्याच वहीत नव्हतं.
नोकरीत असतानाच गेला, मार्चअखेरच्या गडबडीत;
त्याची फाईल मी एप्रिलात उघडली.

त्याचा पोरगा माझ्या दुसऱ्या वहीत आहे,
अनुकंपा, प्रतीक्षा यादी.
आठ वर्षांत एकेचाळीसवरून एकोणचाळीसवर आला.
दर दिवाळीनंतर दारात उभा,
"म्याडम, माझं काही येऊलालंय का?"
येईल रे, मी म्हणायची,
आणि चहा सांगायची. दोन्ही तेवढंच.

सोळाव्या दिवशी कंपनीची यादी आली.
पान तीन, ओळ सहा:
रविकिरण बालय्या मेरगू, चावीवाला, अकरा महिने.
काळं जाकीट, पाठीवर कंपनीचं नाव.
मंजूर रकमेतनं काय काय वजा होत
त्याच्या हातात येतात नऊ हजार सहाशे.
हजेरीला मस्टर नाही,
मोबाईलला तोंड दाखवायचं.

मी खोडरबर बाहेर काढलं.
मग परिपत्रक वाचलं,
बाह्य मनुष्यबळामुळे पद भरले असे समजू नये.
म्हणजे रविकिरण कामावर आहे,
जागा रिकामी आहे,
आणि एकोणचाळीसावा अजून वाट बघतोय.
लेखापरीक्षकांनी विचारलं तर काय सांगू?
खोडरबर परत डबीत ठेवलं.

शुक्रवारी पहाटे तीनला बोळात लोखंड वाजलं.
खिडकीतनं पाहिलं तर तो, बॅटरी दातात धरून,
बापाच्याच चावीवर वाकलेला.
कंपनीनं चावी दिलीच नव्हती.
दाताआडून मोजत होता,
ओकटी, रेंडू, मूडू...
अकराला थांबला,
मान वर करून चढाकडं बघितलं,
आणि अर्धा फेरा अजून दिला.

नळ आधी खोकला, मग गढूळ, मग आलं.
"भरून घ्या म्याडम, दाब बरा हाय आज."
मी बादली लावली.
वर कुठंतरी
म्हातारीच्या दाराची कडी निघाल्याचा आवाज झाला.

अकरा महिन्यांनी त्याला एक दिवस घरी बसवतील,
सेवेत खंड म्हणून.
तसं पत्र माझ्याच टेबलावरनं जाईल.
स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरावर मी
चार-चार दिवस मोजत पुढं जातेय,
त्या तारखेला कुणाची पाळी येते बघायला.
पेन्सिलीनंच.